‘येतो’ म्हणून गेलेला

फार फार पूर्वी, तुमचे आमचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती. पाणी एक, बोली एक. वैर मात्र पिढ्यान् पिढ्यांचे.

अलीकडच्या काठावर टोपल्या विणणारी एक बाई राहत होती. तिचा मुलगा सैन्यात होता. लढाई झाली, अलीकडचे सैन्य हरले आणि बरेच शिपाई पलीकडच्या राजाच्या कैदेत पडले. त्यांत तिचा मुलगाही होता.

शेजारीण समजूत घालायला आली. “डोळे पूस बाई. गेला तो.”

“गेला कसा?” आई ताडकन म्हणाली. “उंबऱ्यावर उभा राहून ‘येतो’ म्हणालाय. आमच्यात कुणी ‘जातो’ म्हणत नाही.”

अर्धी विणलेली टोपली तिथेच टाकून ती उठली, नावेत बसली आणि थेट पलीकडच्या दरबारात जाऊन उभी राहिली.

“काय मागायला आलीस?” राजाने विचारले.

“मागायला नाही महाराज, न्यायला आलेय. माझा मुलगा मला ‘येतो’ म्हणाला होता. त्याचा शब्द तुमच्या तुरुंगात अडकलाय.”

दरबारात हशा पिकला. राजाही हसला. “अगं म्हातारे, घर सोडताना ‘येतो’ तर सगळेच म्हणतात!”

“मग सगळ्यांनाच सोडा.”

हशा जागच्या जागी विरला. पण भर दरबारात एका बाईपुढे हरणे राजाला परवडत नाही. तो म्हणाला, “तुमच्या शब्दात किती दम आहे ते बघू. ने तुझ्या मुलाला. पण निघताना त्याने मलाही ‘येतो’ म्हणायचे. उद्या सूर्य मावळायच्या आत तो परतला, तर बाकीच्यांना सोडीन. त्याचे काय करायचे ते तेव्हा ठरवीन. नाही परतला, तर बाकीचे जन्मभर माझ्या खाणीत दगड फोडतील.”

मुलगा राजाला ‘येतो’ म्हणाला आणि आईबरोबर घरी आला. आईने भाकरी थापली. बेड्यांनी उठलेल्या वळांना तेल लावले.

सकाळी दाराशी ही गर्दी! “वाघाच्या जबड्यातून सुटलेलं पोर परत त्याच्याच तोंडी देतेस? लाव कडी!”

आईचा हात खरोखरच कडीवर गेला. एवढी कडी लावली की मुलगा आपला!

पण गर्दीच्या मागे काही बायका उभ्या होत्या. त्यांची मुले अजून पलीकडे होती. त्यांतली एकही ‘त्याला पाठव’ म्हणाली नाही. त्या नुसत्या बघत होत्या.

आईने हात मागे घेतला. घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, तसे मुलाच्या तळहातावर ठेवले. तो पाया पडला.

“आई, जातो मी.”

“काय म्हणालास?” आई कडाडली. “गीळ तो शब्द. नीट म्हण!”

“येतो, आई.”

“ये,” आई म्हणाली. नाव दिसेनाशी होईपर्यंत तिने डोळ्यांना पदर लावला नाही.

दिवस कलला. पलीकडून एक नाव आली, शिपायांनी भरलेली. मग दुसरी. मग तिसरी. मुलांना कवटाळून बायका रडत होत्या, हसत होत्या. आई प्रत्येक नावेत एकच चेहरा शोधत होती.

शेवटच्या नावेच्या टोकावर तो उभा होता!

“मला पाहून महाराज सिंहासनावरून उठले,” तो धापा टाकत सांगू लागला. “स्वतः घाटापर्यंत सोडायला आले. ‘जा’ नाही म्हणाले, आई. ‘या’ म्हणाले!”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? सगळे एका सुरात ‘येतो’ म्हणालो!”

सगळा घाट हसला. पण तो शब्दही पोकळ नव्हता. अलीकडच्या राजाने आपल्या तुरुंगातले पलीकडचे कैदी त्याच नावांतून मानाने परत पाठवले आणि पुढच्या सुगीला अलीकडचे शिपाई पलीकडे गेले, ते पाहुणे म्हणून. सर्वांत पुढे ती आई होती आणि तिच्या हातात ती टोपली होती, पूर्ण विणलेली, नव्या दाण्यांनी भरलेली.

तात्पर्य : दिलेला शब्द जो पाळतो, त्याच्या बेड्या शत्रूही आपल्या हाताने काढतो.