पाणी कसं, आवडाई?

ऐका साचाई माते, तुझी कहाणी.

बायांनो, पदर सावरा, हातात अक्षता घ्या. हूं म्हणायचं तर ऐकून म्हणा. मागच्या बुधवारी निम्म्या जणी पेंगत हूं म्हणत होत्या, मला इथून सगळं दिसतं. साचाईला तसलं हूं चालत नाही. का चालत नाही, तेच आज सांगते.

आटपाट नगर होतं, नगराला नदीचा वळसा होता. नदीला घाट होता, घाटाला नाव होती. नावेवर येसू नावाडी होता. त्याची म्हातारी आई होती, बायको होती, पाळण्यात लेक होता. बायकोचं नाव आवडाई. आळीत तिच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी नव्हतं. का नव्हतं? तर ती कुणाला कधी नाही म्हणत नसे.

आधी ती अशी नव्हती. नवी नवरी होती तेव्हा सासूनं आमटी केली. म्हणाली, "मुली, आमटी कशी झाली?" आवडाई म्हणाली, "आत्याबाई, मीठ अंमळ जास्त झालं." मग काय झालं? सासू रुसली. बोलेनाशी झाली. वाढायची तर पाठ फिरवून वाढू लागली. आवडाई चुलीपाशी बसून रडली. मग तिनं मनाशी ठरवलं, आपण आपलं हो म्हणावं, सुखानं घास खावा. तेव्हापासून आमटी खारट झाली तर म्हणे, "छान झाली." भाकरी करपली तर म्हणे, "खरपूस झाली." सासूचं मन निवलं. सून असावी तर अशी, म्हणून आळीभर सांगत सुटली.

मग आळीतल्या बाया येऊ लागल्या. सकाळी शेजारची भिवरा आली. म्हणाली, "माझी सून भारी आळशी, नाही का गं?" आवडाई म्हणाली, "हो बाई." दुपारी भिवराची सून आली. म्हणाली, "आमच्या सासूबाई भारी खाष्ट, नाही का हो?" आवडाई म्हणाली, "हो गं बाई." तिन्हीसांजेला दोघी पाणवठ्यावर भांडल्या. एक म्हणे आवडाईच म्हणाली, दुसरी म्हणे मलाही तीच म्हणाली. घागरी तिथंच टाकून दोघी तिच्या दारात आल्या. "सांग, खरं कुणाचं?" आवडाई म्हणाली, "दोघींचंही." हसू नका गं. तुमच्यातल्या कितीजणी असंच म्हणतात, मी नावं घेत नाही.

आता त्या घाटाचा एक रिवाज होता. नाव खाली उभी असे, वर नदीला वळण असे. नावेतून वळणापलीकडचं पाणी दिसत नसे. वर दरडीवर उभं राहिलं की दिसे. म्हणून नावाड्याच्या घरच्या बाईनं दरडीवर यावं, वरचं पाणी बघावं. नावाड्यानं खालून विचारावं, "पाणी कसं?" तिनं सांगावं, सोडा. नाहीतर सांगावं, थांबा. तिच्या शब्दावर नाव सुटे, तिच्या शब्दावर थांबे.

आवडाईनं एकदोनदा थांबा म्हटलं, तर येसूचं तोंड उतरलं. उतारू चिडले, बडबडत परत गेले. येसू तिला टाकून बोलला नाही, पण त्या दिवशी घरात कुणी हसलंही नाही. मग तो विचारण्याची रीत बदलू लागला. "पाणी चांगलं आहे ना गं?" म्हणू लागला. असं विचारल्यावर हिला नाही कसं म्हणवेल? ती म्हणे, "आहे."

श्रावण आला. वरच्या अंगाला पाऊस झाला, पाणी गढुळलं. येसू म्हणाला, "चांगलं आहे ना गं?" ती म्हणाली, "आहे." नाव खडकावर आदळली, उतारूंची गाठोडी भिजली. आवडाईला कुणी काही विचारलं नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही.

मग पुन्हा पाऊस झाला. पाण्यावर पाचोळा आला, काटक्या आल्या. येसू म्हणाला, "चांगलं आहे ना गं?" ती म्हणाली, "आहे." नाव वाहत खालच्या गावाला लागली. येसू दिवेलागणीला पायी घरी आला. म्हणाला, "पाणी एकाएकी चढलं, नाही का?" ती म्हणाली, "हो, एकाएकी."

मग पंचमी आली. माहेरी जाणाऱ्या लेकी नावेत बसल्या. कुणाच्या हातात बांगड्या, कुणाच्या कडेवर मूल. सगळ्यांना घाई. आवडाई दरडीवर आली. सासू भाकरीचं गाठोडं घेऊन तिच्यामागं उभी राहिली. आवडाईनं वर पाहिलं. वळणावर पाणी लाल झालं होतं. फेस होता. एक अख्खं झाड मुळासकट फिरत येत होतं. तिला सगळं दिसलं. येसूनं खालून हसून विचारलं, "चांगलं आहे ना गं?" लेकी वर बघत होत्या. आवडाईला ओरडावंसं वाटलं. जीभ उचलेना. तिच्या तोंडून निघालं, "आहे. सोडा."

लोंढा आला. नाव मधोमध फिरली. येसूनं पाण्यात उडी घेतली, एकेक लेक काठाला लावली. शेवटची लेक लावली आणि फिरत आलेली नाव त्याच्यावर उलटली. तो काही परत आला नाही.

मग दिवसकार्य झालं. बाया समजवायला आल्या. म्हणाल्या, "नदीच्या मनात काय असेल, कुणाला ठाऊक होतं!" आवडाई म्हणाली, "हो, कुणाला ठाऊक होतं!" सासू म्हणाली, "आपलं नशीब गं." आवडाई म्हणाली, "हो, नशीब." रडताना देखील ती हो म्हणाली, बायांनो. तिला अन्न गोड लागेना, झोप येईना, लेकाला जवळ घ्यावंसं वाटेना.

एके दिवशी ती नदीवर गेली. तिथं खडकावर एक म्हातारी बसली होती. केस पांढरेशुभ्र, तोंडात एकही दात नाही, नेसूचं लुगडं ओलं. म्हातारी म्हणाली, "बाई, बाई, माझे केस काळेभोर आहेत ना?" आवडाई म्हणाली, "हो आजी, काळेभोर." म्हातारी म्हणाली, "माझे दात मोत्याचे आहेत ना?" आवडाई म्हणाली, "हो आजी, मोत्याचे." म्हातारी म्हणाली, "तुझा धनी घरी जेवायची वाट बघतोय ना?" आवडाई म्हणाली, "हो..." ती मटकन खाली बसली. म्हणाली, "नाही. नाही आजी. तो गेला. मला पाणी दिसलं होतं. मला दिसलं होतं आणि मी सोडा म्हटलं."

म्हातारीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मी साचाई. तुला एक वसा सांगते. तो वसा कुणी घेत नाही, फार जड जातो. तू घेशील?" आवडाई म्हणाली, "घेईन. माझा धनी मला मिळेल?" साचाई म्हणाली, "मिळणार नाही." आवडाई म्हणाली, "मग सांग."

"श्रावणातल्या बुधवारी उठावं, न्हावं. पाटावर नदीची वाळू मांडावी, ती मीच असं समजावं. मिळेल ते फूल वाहावं. कारल्याच्या भाजीचा नैवेद्य दाखवावा, गोड काही करू नये. मग ज्याला हो हो म्हणत आलीस त्याच्यासमोर बसावं. डोळ्यांना दिसलं ते सांगावं, मनात आलं ते सांगावं. हळू सांगावं. टोचून बोलू नये, तिखटमीठ लावू नये. कुणी रुसलं तर रुसू द्यावं, कुणी दार लावलं तर लावू द्यावं. मी खरं बोलते म्हणून ताठू नये, जड झालं म्हणून मध्येच सोडू नये." असं म्हणून साचाई दिसेनाशी झाली.

आवडाईनं वसा घेतला. भिवराला म्हणाली, "तुमची सून आळशी नाही. तिला दिवस गेलेत, ती थकते. मी त्या दिवशी उगाच हो म्हटलं." भिवरा तोंड फिरवून गेली. आळीतल्या बायांचं येणंजाणं बंद झालं. आळी म्हणाली, नवरा गेल्यापासून हिची जीभ फिरली.

मग ती सासूसमोर बसली. हा बुधवार तिनं पुढं ढकलला होता, पण टळतो थोडाच? म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी पाणी एकाएकी चढलं नाही. लाल पाणी मला दिसलं होतं." सासूनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मलाही दिसलं होतं गं. तू आहे म्हणालीस. मला वाटलं, माझेच डोळे म्हातारे झाले." एवढं बोलून म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली. पुढं जगली तोवर ती सुनेला वाईट शब्द बोलली नाही, चांगलाही बोलली नाही. आवडाईनं तिचं सारं केलं. वसा टाकला नाही.

दिवसामागून दिवस गेले. लेक मोठा झाला. नाव त्याचं हैबती. बापाची जागा त्यानं घेतली. लग्न झालं, गोजरा घरात आली. गरीब पोर, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलणारी. दरडीवर उभी राही आणि म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." आवडाईच्या काळजात चर्र होई.

श्रावण आला, पंचमी आली. नाव भरली. गावचा पाटील पुढं बसून घाई करत होता. सासूसुना दरडीवर आल्या. वळणावर पाणी लाल झालं होतं. हैबतीनं खालून विचारलं, "चांगलं आहे ना गं?" गोजरा काही बोलण्याआधी आवडाई म्हणाली, "नाही. बाळा, पाणी चांगलं नाही."

हैबती संतापला. म्हणाला, "आई, तुला दर पाण्यात माझा बाप बुडताना दिसतो. कितीदा नाव थांबवू? गोजरा, तू सांग." पाटील हसला. उतारू हसले. गोजरानं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. आवडाई म्हणाली, "पोरी, माझ्याकडे बघू नकोस. त्याच्याकडे बघू नकोस. मी म्हातारी आहे, माझं चुकतही असेल. तू पाण्याकडे बघ."

गोजरानं पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाली, "लाल आहे. नाव सोडू नका. मला भीती वाटते."

हैबतीनं वल्हं वाळूत फेकलं. उतारू बडबडत उतरले. पाटील वाटेल ते बोलून गेला. हैबती जेवायला आला नाही, घाटावरच बसून राहिला. ऊन कलायच्या आत लोंढा आला. घाट बुडाला, दावं तोडून नाव गेली. हैबती धावत दरड चढून वर आला. दोघींसमोर उभा राहिला. गोजरानं त्याचा हात धरून घरी नेलं, पान वाढलं.

आवडाई दरडीवरच बसली. तेवढ्यात ती म्हातारी तिच्याशेजारी येऊन बसली. आवडाईनं पाय धरले. म्हणाली, "माते, तुला एक विचारू? सगळे म्हणतात, तुझा दोष नाही, तू काहीही म्हटलं असतंस तरी व्हायचं ते झालंच असतं. तू खरं सांग. त्या दिवशी मी नाही म्हटलं असतं, तर माझा धनी घरी आला असता का?"

साचाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "आला असता."

आवडाई मातेच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. इतक्या वर्षांत तिला कुणी खरं उत्तर दिलं नव्हतं.

साचाईनं गोजराचा धनी जसा घरी आणला, तसे तुमचे आमचे सगळे घरी येवोत. आवडाईवर आली ती वेळ वैऱ्यावरही न येवो. ही साठां उत्तरांची कहाणी, एका खऱ्या उत्तरी सुफळ संपूर्ण.