म्हाळू भडभुंज्याची भट्टी

आमच्या आज्याच्या आज्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. उंबरशेतच्या वेशीवर म्हाळू भडभुंजा राहायचा. घाटमाथ्यावरच्या पाच गावांत भट्टी त्याची एकट्याचीच. धान्य भाजून द्यायचं आणि मजुरी म्हणून त्यातलीच एक मूठ न भाजता मडक्यात टाकायची, असा त्याचा रिवाज. माणूस अबोल. त्याच्या पोटात गेलेली गोष्ट परत बाहेर यायची नाही, असं म्हणतात.

आणि गोष्टी त्याच्या पोटात पुष्कळ होत्या. कारण पाचही गावांना एक खोड होती. घाटाखालून बैलांच्या पाठीवर तांदूळ यायचा, आणि चारचौघांत सगळे तोच खायचे. आपल्या रानात पिकलेल्या नाचणीची, वरीची, कुळथाची त्यांना लाज वाटायची. पाहुण्यापुढे भात, आणि दार लावलं की नाचणीची भाकरी. बाया भट्टीवर यायच्या त्या टोपली पदराखाली झाकून.

"म्हाळूबा, कुणाला बोलू नका हं. आमच्यात नाचणी खात नाहीत."

"नाही बोलत, माय."

प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्याच घरात.

एका वर्षी दिवाळी झाली, सुगी घरात आली आणि अवकाळी पावसानं घाटात दरड कोसळली. अख्खा डोंगरच वाटेवर मांडी घालून बसला, असं म्हणतात. तांदूळ बंद झाला. पंधरा दिवसांनी रावजी पाटलांनी पाच गावं चावडीसमोर बोलावली.

"घरात दाणा नाही," पाटील म्हणाले. "परवा रानातून वाट काढत खाली उतरू. आता तिकडेच राहायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचे डोळे भरले, पण आपल्या घरची कणगी नाचणीनं भरलेली आहे, हे कोण सांगणार?

म्हाळूला सगळं ठाऊक होतं. बोललो तर दिलेला शब्द मोडतो, न बोललो तर पाच गावं ओस पडतात. दिवसभर तो भट्टीपाशी बसून राहिला. निघायच्या दिवशी सकाळी मात्र उठला, सगळी मडकी बाहेर काढली, भट्टी पेटवली आणि एकेक मूठ भाजायला लागला. तोंडातून चकार शब्द नाही.

काय तो घमघमाट! त्या दिवशी वारा एकाच वेळी पाच दिशांना वाहिला, असं म्हणतात. ओझी लादलेले बैल माना वळवून उभे राहिले. ते हलेनात, तेव्हा माणसंही वासामागं भट्टीवर आली. पाटलीण चिमाक्का सगळ्यांत पुढं. तिनं लांब श्वास घेतला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, ही तर आमच्या माळावरची नाचणी!"

पाटील खाली बघायला लागले.

तेवढ्यात धामणवाडीची एक म्हातारी म्हणाली, "मिरवू नका, पाटलीणबाई. अर्धा वास आमच्या कुळथाचा आहे."

"आणि वरी काय आभाळातून पडली? ती आमची!"

मग जे भांडण जुंपलं! कालपर्यंत जे झाकत होते, तेच आज ओरडून सांगायला लागले. पाटलांनी हळूच विचारलं, "म्हाळू, तुला हे माहीत होतं?"

"मी कुठं काय बोललो, पाटील?"

पाटलांना आधी हसू फुटलं, मग पाच गावांना. त्या दिवशी सगळी त्याच्या मडक्यांतूनच जेवली, आणि तळाशी मूठभर उरलंच, असं म्हणतात. बैलांवरची ओझी उतरली. कुळीथ नाचणीच्या गावी गेला, नाचणी वरीच्या गावी. चैत्रात घाट मोकळा झाला. तांदूळवाला भीत भीत वर आला, तर गावं गुटगुटीत! जाताना तोच नाचणीचं पोतं लादून घेऊन गेला.

अजूनही आमच्याकडे सोयरीक जुळवायला पाहुणे आले, की आधी 'म्हाळूची मूठ' पुढं ठेवतात. पाचही गावांच्या धान्यांची, भाजलेली. ती खाल्ल्यावर पाहुण्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, आपल्या घरी काय पिकतं ते. मागच्या साली शहरातले पाहुणे आले होते. बिचारे ओशाळून म्हणाले, "आमच्या घरी काहीच पिकत नाही हो."

आमची धाकटी वहिनी म्हणाली, "मग दोन मुठी घ्या!"