चांगुणाबायची तिवरं आणि चिंबोरी

चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीवरची तिवराची झाडं लोकांनी सरपणासाठी तोडून नेली. मग भरतीने उघडा चिखल वाहून गेला, मासळी आटली आणि बिळं ढासळून चिंबोऱ्यांचीही दैना झाली.

चिंबोऱ्या विकून पोट भरणाऱ्या चांगुणाबाय कोळिणीने तिवराची रोपं लावायला घेतली. पण रोज सकाळी पाहावं, तर रोपं बुंध्याशी कुरतडलेली! शेवटी तिने एका थोराड चिंबोरीला रोप तोडतानाच गाठलं.

"अगं, तुझ्याच घरासाठी राबतेय ना मी?"

"माझ्या घरासाठी, की तुझ्या टोपलीसाठी?" चिंबोरी नांगी उगारून म्हणाली. "झाडं वाढली की आम्ही वाढू, आणि आम्ही वाढलो की तू आम्हाला धरशील."

चांगुणाबाय खोटं बोलली नाही. "धरीन. माझी चूल त्याच्यावरच पेटते. पण पोटाशी अंडी असलेलीला घरी नेणार नाही."

चिंबोरीचा विश्वास बसला नाही. तरी उघड्या चिखलात किती दिवस काढणार? तिने नांगी खाली घेतली आणि बाकीच्यांनाही रोपांपासून दूर ठेवलं.

चार वर्षांत तिवरं डोक्याएवढी झाली, टोपल्या भरू लागल्या. एके दिवशी तीच चिंबोरी चांगुणाबायच्या हाती सापडली. भीतीने ती गोठून गेली. चांगुणाबायने तिला उलटं केलं, पोटाखालची नारिंगी अंडी पाहिली आणि अलगद मुळांपाशी सोडून दिलं.

चिंबोरी बिळात शिरली. मग ती सैलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बिळाचं तोंड चिखलाने न लिंपता निवांत झोपली.