गगनमाथ्याचा तट आणि न उच्चारलेला शाप

एका राज्यात उंच डोंगर होता, डोंगरावर गगनमाथा नावाचा गड होता, आणि गडाला तट मात्र टिकत नव्हता. राजकन्या कनकलेखेच्या पणजोबांनी बांधला, पडला. आजोबांनी बांधला, पडला. तिच्या तातांनी, राजा भीमकेतूने, बांधला, तोही पहिल्याच सूर्योदयाला गडगडत दरीत गेला. उघड्या गडावर मग मांत्रिक कालजंघाचे लांडगे चढत आणि हाती लागेल ते माणूस उचलून नेत.

त्या राज्यातले पाथरवट मोठे मानी. दोन चिऱ्यांमध्ये सुई शिरली तर त्यांना अन्न गोड लागत नसे. तट पडला की म्हणत, "सांधा सैल राहिला," आणि पुढच्या खेपेस चिरे आणखी घट्ट बसवत. चुना घराला ठीक. तटाला चुना म्हणजे वाकड्या दगडाची लाज झाकणे, असे लहानथोर मानत.

शाप कालजंघाचाच होता. गडाची सावली त्याच्या गुहेवर पडली, त्याच्या औषधी वाळल्या, आणि त्याने खवळून पणजोबांना तटाचा शाप दिला. पण अभद्र शब्द तोंडावाटे काढायचा नाही, ही राजघराण्याची रीत! पणजोबांनी घरी येऊन एवढेच सांगितले, की तट टिकायचा नाही. तेच पुढे चालत आले.

अखेर भीमकेतूने भरसभेत सांगितले, "बुरुजात राजरक्त चिणल्यावाचून तट उभा राहणार नाही. पौर्णिमेला युवराज जयकेतू बुरुजात उभा राहील."

"जशी आज्ञा," जयकेतू म्हणाला. कनकलेखा ताडकन पुढे आली. हा तिचा एकुलता एक भाऊ!

"तात, शाप काय होता?"

"तट टिकायचा नाही."

"हे सार झाले. शब्द कोणते होते?"

शब्द कोणालाच ठाऊक नव्हते!

कनकलेखेने घोड्यावर मांड ठोकली आणि थेट कालजंघाची गुहा गाठली. मांत्रिक वनात गेला होता. दारात पिंजरा टांगलेला, आत म्हातारी साळुंकी. राजकन्येने पिंजरा उघडला.

साळुंकी म्हणाली, "मी ऐकलेले विसरत नाही आणि बदलतही नाही. ऐक. 'या तटाचा दगड दगडावर राहणार नाही.'"

कनकलेखा खदखदून हसली. "दगड दगडावर! आणि दोघांच्या मध्ये काही घातले तर?"

"हे विचारणारी तू पहिलीच. पण साधा चुना कालजंघ फुंकरीने उडवील. पांढऱ्या सरोवरातले शिंपले भाजून चुना कर, त्यात गाणाऱ्या उसाचा गूळ घाल, चालत्या झाडाचा हिरडा घाल."

सरोवर एका कासवाच्या ताब्यात होते. त्याच्या पाठीला कित्येक वर्षे खाज सुटली होती आणि त्याचे पाय तिथवर पुरत नव्हते. कनकलेखेने तलवारीच्या पात्याने पाठ घासून दिली, कासवाने शिंपले दिले. गाणारा ऊस गाणे संपल्यावाचून तोडू देत नसे, आणि गाणे काही संपत नसे. कनकलेखा त्याच्याबरोबर गाऊ लागली. तिच्यासारखी बेसूर राजकन्या साऱ्या राज्यात नव्हती. ऊस कंटाळून गप्प बसला. चालते झाड जवळ जावे तसे दूर जाई. तिने त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली आणि घराची वाट धरली. झाडाला चैन पडेना! ते तिच्या मागोमाग गडापर्यंत चढून आले.

पाथरवटांनी मात्र कपाळाला हात लावला. "सांध्यात चुना? राजकन्ये, आमची लाज जाईल!"

"लाज गेली तर जाऊ द्या. माझा भाऊ जाता कामा नये!"

मग कोण थांबतो! दरीतले चिरे वर आले. जयकेतूने स्वतः चुन्याच्या घाण्याचे बैल हाकले, चुना लोण्यासारखा मऊ मळला गेला, आणि चिऱ्यावर चुना, चुन्यावर चिरा असा तट चढला. पौर्णिमेच्या पहाटे शेवटचा चिरा बसला. सूर्य उगवला. तट थरथरला.

तट उभा राहिला!

कालजंघ धापा टाकत डोंगर चढून आला. "दगड दगडावर कसा राहिला?"

कनकलेखा म्हणाली, "राहिलेलाच नाही. तुमचा शब्द आम्ही तंतोतंत पाळला आहे."

मांत्रिकाने फुंकर मारली. कण हलला नाही. त्याची विद्या धूर होऊन त्याच्या तोंडावाटे निघून गेली, आणि डोंगराखाली लांडग्यांची पुन्हा माणसे झाली. इतकी वर्षे उचलून नेलेल्या माणसांचेच त्याने लांडगे केले होते.

बुरुजात जयकेतूसाठी राखलेला कोनाडा तेवढा रिकामा होता. भीमकेतूला तिकडे बघवेना. "हा आधी बुजवा," तो रडत म्हणाला. "माझ्या लेकरा, मी तुला इथे उभा करणार होतो."

जयकेतूने तातांचे डोळे पुसले. "बुजवू नका, तात. आरपार पाडा. ती माणसे घरी यायची आहेत, त्यांना दार नको का?"

राजाने पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. गगनमाथा उभा आहे, त्या बुरुजातले दार उघडे आहे. ज्याची आत कोणी वाट पाहत असेल, त्याने खुशाल वर चढावे.