कंबरेएवढं पाणी

खूप जुन्या काळी, गावाला गाव नुसत्या पायवाटेने जोडलेलं असे तेव्हा, डोंगरातल्या एका गावात हैबती आणि म्हाळू असे दोन भाऊ राहत होते. दोघेही मनाने चांगले. खोड होती ती फक्त जिभेला.

थोरला हैबती प्रत्येक गोष्ट वाढवून सांगे. त्याच्या अंगणात उंदीर शिरला, की गावभर बातमी जाई रानडुकराची. धाकटा म्हाळू सगळंच कमी करून सांगे. एकदा वादळात त्याच्या घराचं छप्पर उडालं, तर म्हणाला, "घरात जरा उजेड जास्त येतोय." गावाला दोघांची सवय होती. हैबतीचं बोलणं लोक निम्म्यावर आणत, म्हाळूचं दुप्पट करून घेत.

म्हाळूला केतकी नावाची गुणी, हसरी मुलगी होती. तिला बघायला परगावाहून एक मुलगा आणि त्याची आई आली.

"मुलगी स्वयंपाकात कशी आहे?" मुलाच्या आईने विचारलं.

हैबती पुढे सरसावला. "काय सांगू बाई! तिच्या आमटीचा वास सुटला, की स्वर्गातले देव ताटं घेऊन खाली उतरतात!"

बाई म्हाळूकडे वळल्या. "तुम्ही वडील. तुम्ही सांगा."

म्हाळूचा लेकीवर फार जीव होता. पण तोंडातून निघालं, "खाऊन आजवर कुणी आजारी पडलं नाही."

बाईंचा चेहरा पडला. काका एवढं चढवतो, बाप एवढं उतरवतो, म्हणजे नक्की काहीतरी लपवताहेत! "कळवतो," एवढं म्हणून त्या उठल्या. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा तिला आवडला होता, आणि तोही जाताना वळून वळून बघत होता.

पाहुण्यांना पोचवायला सगळे ओढ्यापर्यंत गेले. "काठाला थोडं निसरडं आहे," म्हाळू म्हणाला. बाईंनी पाय ठेवला मात्र, त्या आणि त्यांना सावरायला धावलेला मुलगा, दोघेही घसरत थेट डोहात!

"मेले, मेले!" हैबती ओरडला. "पाताळाला टेकलंय पाणी! इथे हत्ती बुडतात!"

दोघं घाबरून हातपाय मारू लागली, नाकातोंडात पाणी जाऊ लागलं.

"घाबरू नका," म्हाळू म्हणाला. "थोडंसंच खोल आहे."

"अरे देवा!" बाई किंचाळल्या. "यांचं थोडं मी आत्ताच पाहिलं! आता संपलंच सगळं!"

तेवढ्यात केतकी पदर खोचून पाण्यात उतरली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, इकडे बघा. पाणी कंबरेएवढं आहे. पाय टेका, उभ्या राहा."

बाईंनी पाय टेकले आणि त्या उभ्या राहिल्या. मुलगाही उभा राहिला. पाणी खरंच कंबरेएवढं होतं. मग बाईंनाच असं हसू फुटलं, की त्या पुन्हा पडता पडता वाचल्या.

काठावर येऊन लुगडं पिळत त्या म्हणाल्या, "पोरी, तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला म्हणून वाचले. आता आणखी एक खरं सांग. माझा मुलगा कसा वाटला?"

केतकीने मान खाली घातली. "भिजलेलेसुद्धा बरे दिसतात."

मुलाचे कान लाल झाले. ते 'बरे' किती मोठं होतं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

महिन्याभरात लग्न झालं. सासरी निघालेल्या केतकीने वाकून नमस्कार केला, तेव्हा हैबतीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो फक्त म्हणाला, "नीट जा गं." आणि म्हाळूने साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या लेकीसारखी लेक त्रिभुवनात नाही!"

मुलांनो आणि मोठ्यांनो, शब्द फुलवावा की आवरावा हे वेळ आणि ऐकणारा पाहून ठरवावं, कारण खरं पोचलं तरच बोलण्याला अर्थ.