पलीकडच्या काठावरचा धूर

एक होता राजा. राजा कसला, तीन गावांचा धनी! सकाळी स्वतःच गाई सोडायचा. त्याचं नाव भानजी. त्याला एकच बहीण, रंभाक्का. भावाच्या ताटातला एक घास उचलल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही.

मग काय झालं, रंभाक्कानं आपल्या मनानं नदीपलीकडच्या नावाड्याशी लग्न ठरवलं. राजा बसला रुसून. त्या राज्यात एक रीत होती, बरं का. लेक सासरी निघाली की माहेरच्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून द्यायचा. त्यावर तिनं आपली चूल पेटवायची. राजा म्हणाला, "माझ्या घरचा विस्तव मिळायचा नाही!" आईनं मात्र राखेखाली झाकून एक निखारा गुपचूप दिला. आईच ती.

पुढे आई गेली. राखेत निखारा जपून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. राजाची चूल विझली. नोकरांनी चकमक झाडून नवी पेटवली. पण त्या दिवसापासून राजाचे हात गार पडले. उन्हात बसला तरी गार. माझे पडतात ना, तस्से. अन्न जाईना, झोप येईना.

मग एक वैद्य आला, त्यानं सुंठीचा काढा पाजला. दुसरा आला, त्यानं तिळाचं तेल चोळलं. तिसरा म्हातारा होता. त्यानं नुसती नाडी धरली आणि विचारलं, "महाराज, तुमचं माणूस कुठंय?" राजानं हात ओढून घेतला. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही!

पण खरं सांगू? संध्याकाळ झाली की राजा गच्चीवर जायचा. पलीकडच्या काठावर धूर दिसला की म्हणायचा, "पेटली तिची चूल." मग कुठे दोन घास खायचा. फार जावंसं वाटायचं हो त्याला. पण पाऊल काही उचलायचं नाही.

एका संध्याकाळी धूर दिसला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या संध्याकाळी राजा अनवाणीच धावला. होडीत बसला आणि स्वतः वल्ही मारत गेला.

नावाडी माल घेऊन लांब बंदरावर गेलेला. रंभाक्का एकटीच तापानं फणफणलेली. म्हणाली, "दादा, रोज ओली गोवरी घालायचे रे. धूर उंच जावा, तुला दिसावा म्हणून. आता उठवत नाही."

राजा ढसाढसा रडला. मग त्यानं चुलीतली राख उकरली. तळाशी गुंजेएवढा निखारा होता, आईचा. त्यानं फुंकर घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पेटला! राजानं पेज केली, तीही करपलेली. पहिला घोट त्यानं तिला पाजला, दुसरा तिनं त्याला. बघतो तर हातांना ऊब!

मग ती बरी झाली. राजा मडक्यातून विस्तव घरी घेऊन आला. तेव्हापासून दोन्ही काठांवर धूर दिसायचा, आणि दोघंही ठणठणीत राहिली.

झाली गोष्ट. सदोबा, मैने, पाठीला पाठ लावून काय झोपलात? तोंडं वळवा बघू. हां, अशी. आणि सकाळी मला फोन लावून द्या, माझ्या भावाला, तुमच्या नानाआजोबांना. चार वर्षं झाली, तो बोलत नाही, मी बोलत नाही. काय बोलणार म्हणता? जेवलास का, एवढंच विचारीन. मिटा डोळे आता.