पाठीवरचा नंबर

घराघरांत तारेवरून गप्पा चालत, त्या काळापासून यमुताई देवस्थळींच्या घरी काळ्या फोनला मोठा मान होता. दसऱ्याच्या पूजेत झेंडूचा हार त्यालाच मिळे. मग इंटरनेटची पेटी आली. फोनची वायर भिंतीतून काढून पेटीत खोचली गेली आणि त्या दसऱ्याला हारही पेटीवर चढला.

"आजोबा, यापुढे तुमचा आवाज माझ्यामार्फत जाणार," पेटी हिरवे डोळे मिचकावत म्हणाली.

"जाऊ दे की. पण वीज गेली तर? माझं पोट तारेवरच भरायचं. घरात अंधार झाला तरी मी बोलत असे."

"म्हाताऱ्यांना शंकाच फार. मी बंद पडले तर माझ्या पाठीवर नंबर छापलाय. तिथे फोन करायचा, माणूस लगेच येतो."

फोनला यात काहीतरी खटकलं, पण हार गेलेल्याचं ऐकतो कोण?

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वीज गेली. पेटीचे डोळे मिटले. यमुताईंनी चष्मा लावून तिच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि रिसीव्हर उचलला. फोन मुका. त्यांनी तो दोनदा आपटून पाहिला आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "पेटी कालच पुजलीय हो, नवीकोरी आहे. हा म्हाताराच आता भंगारात घालायला हवा."